आधुनिक काइजू चित्रपट

काइजू चित्रपट हा महाकाय आणि अकल्पित प्राण्यांना केंद्रस्थानी ठेवणारा चित्रपटप्रकार आहे. हा प्रकार जपानमध्ये रूढ झाला. तोहो या निर्मितिसंस्थेचा 'गोजिरा' (१९५४) हा त्याचा आद्य आणि सर्वांत प्रभावी चित्रपट मानला जातो. गोजिरा हे पात्र जपानबाहेर गॉडझिला या नावाने ओळखले जाते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने १९९५ नंतरच्या, म्हणजे संगणकनिर्मित दृश्यांचा वापर वाढू लागल्यानंतरच्या चित्रपटांचा परिचय करून दिला आहे. त्यांचे स्वरूप समजण्यासाठी आवश्यक तेवढा पूर्वेतिहासही दिला आहे.

आधुनिक काळात या प्रकाराच्या दोन ठळक धारा दिसतात. एका धारेत राक्षस ही आपत्ती असते. माणसे तिला कशी सामोरी जातात, हा कथेचा विषय असतो. दुसऱ्या धारेत राक्षस हा योद्धा असतो. त्याचे दुसऱ्या राक्षसाशी होणारे युद्ध हा कथेचा विषय असतो. पहिली धारा आज मुख्यतः जपानमध्ये, तर दुसरी मुख्यतः अमेरिकेत दिसते. मात्र दोन्हींचा उगम जपानमधील जुन्या चित्रपटांतच आहे. आयुष्यभर हे चित्रपट पाहत आलेल्या चाहत्यांमध्ये या दोन धारांविषयी दीर्घकाळ वाद चालू आहे. त्या वादाच्या मुळाशी मात्र एकच कसोटी दिसते, ती म्हणजे पडद्यावरील राक्षसाला वजन आहे की नाही. हे वजन जसे शरीराचे, तसेच अर्थाचेही असते.

संज्ञा आणि व्याप्ती

'काइजू' हा जपानी शब्द दोन चित्रलिपी-चिन्हांनी बनतो. 'काइ' म्हणजे विचित्र किंवा गूढ आणि 'जू' म्हणजे पशू. अतिप्रचंड प्राण्यासाठी 'दाइकाइजू' असा शब्द वापरतात. त्यातील 'दाइ' म्हणजे मोठा. अशा चित्रपटांतील विशेष छायाचित्रणाच्या तंत्राला 'तोकुसात्सु' म्हणतात. पुढे हा शब्द त्या तंत्रावर आधारलेल्या सर्वच चित्रपटांना आणि दूरचित्रवाणी मालिकांना लावला जाऊ लागला.

मराठीत काइजूसाठी 'राक्षस' हा शब्द सोयीने वापरला जातो. परंतु दोन्ही कल्पना सारख्या नाहीत. भारतीय कथापरंपरेतील राक्षसाला नाव, कुळ, वाणी आणि हेतू असतो. तो वर मागतो, वैर धरतो, युक्तिवाद करतो. बकासुराशीसुद्धा गाडाभर अन्न आणि एक माणूस असा करार करता येतो. काइजूशी असा कोणताही करार करता येत नाही. तो भूकंपासारखा किंवा वादळासारखा येतो आणि माणसाच्या पापपुण्याचा हिशेब न करता पुढे जातो. या चित्रपटप्रकाराची मूळ भीती त्याच्या क्रौर्यात नसून त्याच्या या अलिप्ततेत आहे.

पूर्वपीठिका

महाकाय प्राण्यांचे चित्रपट जपानच्या आधी अमेरिकेत तयार झाले. विलिस ओब्रायन यांनी 'द लॉस्ट वर्ल्ड' (१९२५) आणि 'किंग काँग' (१९३३) या चित्रपटांत लहान बाहुल्यांची हालचाल एकेका चौकटीने चित्रित करण्याचे तंत्र वापरले. या तंत्रात बाहुली किंचित हलवून एक चौकट टिपली जाते, पुन्हा हलवून पुढची टिपली जाते. काही सेकंदांच्या दृश्यासाठी असे शेकडो वेळा करावे लागते. 'किंग काँग'मधील प्रचंड वानर न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवरून कोसळून मरतो आणि प्रेक्षकाला त्याच्याविषयी भीतीपेक्षा करुणाच अधिक वाटते.

१९५२ साली 'किंग काँग' पुन्हा प्रदर्शित झाला आणि त्याला मोठे यश मिळाले. पुढच्याच वर्षी 'द बीस्ट फ्रॉम ट्वेंटी थाउजंड फॅदम्स' (१९५३) हा चित्रपट आला. उत्तर ध्रुवप्रदेशातील अणुचाचणीमुळे जागा झालेला प्रागैतिहासिक प्राणी न्यूयॉर्कवर चालून येतो, असे त्याचे कथानक होते. त्यातील प्राण्याचे दृश्यांकन ओब्रायन यांचे शिष्य रे हॅरीहाउझेन यांनी केले. अणुस्फोट आणि राक्षस यांची जोडी या चित्रपटाने जुळवली, परंतु तिला खोल अर्थ मिळाला तो पुढील वर्षी जपानमध्ये.

'गोजिरा' (१९५४)

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी प्रवाळद्वीपावर 'कॅसल ब्राव्हो' ही हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. तिच्या किरणोत्सारी राखेचा वर्षाव 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी नौकेवर झाला. नौकेवरील सर्व २३ खलाशी किरणोत्साराने आजारी पडले. बिनतारी संदेशवाहक आइकिची कुबोयामा यांचा त्याच वर्षी २३ सप्टेंबर रोजी मृत्यू झाला. त्यांच्या मृत्यूनंतर सहा आठवड्यांच्या आतच, ३ नोव्हेंबर १९५४ रोजी, 'गोजिरा' जपानमध्ये प्रदर्शित झाला. चित्रपटाचा आरंभ एका नौकेच्या समुद्रातील विनाशाने होतो. तो पाहताना जपानी प्रेक्षकाला वेगळे स्पष्टीकरण देण्याची आवश्यकता नव्हती.

निर्माते तोमोयुकी तानाका, दिग्दर्शक इशिरो होंडा, विशेष दृश्यांचे प्रमुख एइजी त्सुबुराया आणि संगीतकार अकिरा इफुकुबे या चौघांनी या चित्रपटाला आकार दिला. होंडा यांनी दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून चीनमध्ये काम केले होते. मायदेशी परतताना त्यांनी उद्ध्वस्त हिरोशिमा पाहिले होते. गोजिरा हे नाव 'गोरिरा' (गोरिला) आणि 'कुजिरा' (देवमासा) या दोन जपानी शब्दांच्या संयोगातून तयार झाले. इफुकुबे यांनी राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बास या तंतुवाद्याच्या तारेवर घासून राक्षसाच्या गर्जनेचा मूळ आवाज मिळवला.

चित्रपटात टोकियो जळते. पण कॅमेरा तेथे थांबत नाही. पुढची दृश्ये रुग्णालयातील आहेत. जमिनीवर ओळीने ठेवलेले जखमी, किरणोत्सार मोजणारे यंत्र समोर धरलेले एक मूल आणि आईच्या शवाकडे पाहून रडणारी मुलगी. राक्षसाच्या हल्ल्यानंतरची ही शांतता हे या चित्रपटाचे वेगळेपण होय.

कथेचा नैतिक पेच डॉ. सेरिझावा या शास्त्रज्ञाच्या पात्रात एकवटला आहे. त्याने पाण्यातील प्राणवायू नष्ट करणारे भयंकर साधन शोधलेले असते. त्याने गोजिरा मरू शकतो. परंतु एकदा वापरल्यावर जगातील सत्ता ते शस्त्र मिळवल्याशिवाय राहणार नाहीत, हे त्याला माहीत असते. अखेर तो आपले कागद जाळतो, समुद्रतळाशी जाऊन ते साधन वापरतो आणि ज्ञान आपल्यासोबतच संपावे म्हणून स्वतःही वर येत नाही. राक्षस मरतो, तरी शेवटावर विजयाच्या आनंदापेक्षा शोकाचीच छाया अधिक आहे. अणुचाचण्या चालू राहिल्या तर असा दुसरा प्राणी प्रकट होईल, या आशयाच्या इशाऱ्याने चित्रपट संपतो.

१९५६ साली अमेरिकेत या चित्रपटाची बदललेली आवृत्ती प्रदर्शित झाली. तिच्यात रेमंड बर या अभिनेत्याची नवी दृश्ये घालण्यात आली आणि मूळ संवादांतील अणुयुद्धविषयक सूर मंद करण्यात आला. पाश्चात्त्य प्रेक्षकांना अनेक वर्षे हीच आवृत्ती परिचित होती.

आपत्तीपासून नायकापर्यंत (१९५५–१९७५)

'गोजिरा'च्या यशानंतर तोहोने 'रोदान' (१९५६) आणि 'मोथ्रा' (१९६१) हे चित्रपट काढले. 'किंग काँग विरुद्ध गॉडझिला' (१९६२) या चित्रपटाने दोन राक्षसांचे द्वंद्व लोकप्रिय केले आणि प्रकाराचा सूर पालटला. 'तीन डोक्यांचा राक्षस घिदोरा' (१९६४) या चित्रपटात गॉडझिला, रोदान आणि मोथ्रा हे तिघे मिळून अंतराळातून आलेल्या घिदोराशी लढतात. अवघ्या दहा वर्षांत टोकियोचा संहारक पृथ्वीचा रक्षक झाला. दाइएई या संस्थेने १९६५ साली गामेरा हे उडणारे प्रचंड कासव पडद्यावर आणले. तो तर बालकांचा मित्रच ठरला. १९६६ साली त्सुबुराया यांच्या संस्थेने 'अल्ट्रामॅन' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू केली.

या काळातील चित्रपट मुलांसाठीचे म्हणून कमी लेखले गेले. तरी त्यांतही समकालीन प्रश्न उमटले. 'गॉडझिला विरुद्ध हेदोरा' (१९७१) यातील राक्षस कारखान्यांच्या सांडपाण्याच्या गाळातून वाढतो. त्या वेळी जपान औद्योगिक प्रदूषणाच्या गंभीर परिणामांना तोंड देत होता. १९७५ साली 'टेरर ऑफ मेकागॉडझिला' या चित्रपटाने मालिकेचा पहिला कालखंड संपला. तोपर्यंत गॉडझिलाचे १५ चित्रपट झाले होते.

आधुनिक कालखंडाकडे (१९८४–२००४)

१९८४ साली तोहोने गॉडझिलाला पुन्हा भयकारी रूपात आणले. या दुसऱ्या मालिकेत सात चित्रपट झाले. शेवटच्या 'गॉडझिला विरुद्ध देस्तोरोया' (१९९५) या चित्रपटात १९५४ साली वापरलेल्या साधनाच्या परिणामातूनच नवा राक्षस उत्पन्न होतो आणि गॉडझिला स्वतःच्या शरीरातील अणुऊर्जेच्या अतिरेकाने वितळून मरतो. सेरिझावाची भीती अशा रीतीने चार दशकांनंतर खरी ठरते.

याच सुमारास शुसुके कानेको यांनी गामेराचे तीन चित्रपट (१९९५, १९९६ आणि १९९९) दिग्दर्शित केले. विशेष दृश्ये शिन्जी हिगुची यांची होती. तिसऱ्या चित्रपटातील मुख्य पात्र अशी मुलगी आहे, की जिचे आईवडील पहिल्या चित्रपटातील लढाईत गामेराच्या पायाखालील पडझडीत मरण पावले आहेत. जग ज्याला रक्षक म्हणते, तो तिच्या दृष्टीने मारेकरी असतो. राक्षसांच्या युद्धात मेलेल्या सामान्य माणसांचे काय, हा मालिकांनी टाळलेला प्रश्न या चित्रपटाने समोर आणला. म्हणूनच ही चित्रपटत्रयी चाहत्यांमध्ये विशेष आदराने पाहिली जाते.

रोलंड एमरिख यांचा अमेरिकी 'गॉडझिला' (१९९८) मात्र चाहत्यांनी नाकारला. त्यातील प्राणी हा किरणोत्साराने वाढलेला इग्वाना असून तो सैन्यापासून पळतो, लपतो आणि क्षेपणास्त्रांनी मरतो. चपळ, घाबरणारा आणि साध्या शस्त्रांनी मरणारा प्राणी हा गॉडझिला असू शकत नाही, असा चाहत्यांचा आक्षेप होता. तोहोने पुढे या प्राण्याला 'झिला' असे वेगळे नाव दिले. 'गॉडझिला: फायनल वॉर्स' (२००४) या चित्रपटात जपानी गॉडझिला सिडनीच्या ऑपेरा हाउसजवळ त्याला काही क्षणांत संपवतो. या चित्रपटानंतर तोहोने मालिकेला दीर्घ विराम दिला.

अन्य देशांतील प्रयोग

विरामाच्या काळात हा प्रकार इतरत्र नव्या रूपांत दिसला. दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक बोंग जून-हो यांच्या 'द होस्ट' (२००६) या चित्रपटात सोल शहरातील हान नदीत ओतलेल्या रसायनातून राक्षस जन्मतो. सोलमधील अमेरिकी लष्करी तळावरून फॉर्माल्डिहाइड गटारात सोडल्याच्या २००० सालच्या प्रकरणाचा त्याला संदर्भ आहे. यातील राक्षस आकाराने बसएवढा आहे. कथेचा भर सरकारी यंत्रणेच्या निष्काळजीपणावर आणि हरवलेल्या मुलीला शोधणाऱ्या एका गरीब कुटुंबावर आहे.

मॅट रीव्ह्ज यांचा 'क्लोव्हरफील्ड' (२००८) हा संपूर्ण चित्रपट एका सामान्य माणसाच्या हातातील कॅमेऱ्याने टिपल्याचा आभास निर्माण करतो. राक्षस धड दिसत नाही. दिसतात ते धुळीचे लोट, रस्त्यावर कोसळलेले स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे शिर आणि पळणारी माणसे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या न्यूयॉर्कची भीती त्यात स्पष्ट जाणवते. नॉर्वेच्या 'ट्रोलहंटर' (२०१०) या चित्रपटाने लोककथेतील ट्रोल या प्राण्यांना अनुबोधपटाच्या शैलीत सादर केले.

अमेरिकी धारा

गिलेर्मो देल तोरो यांचा 'पॅसिफिक रिम' (२०१३) हा चित्रपट समुद्रातून येणारे काइजू आणि त्यांच्याशी लढणारी मानवचालित महाकाय यंत्रे यांची कथा सांगतो. तो इशिरो होंडा आणि रे हॅरीहाउझेन यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. 'काइजू' हा शब्द जपानबाहेरील सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचवण्यात या चित्रपटाचा मोठा वाटा आहे.

गॅरेथ एडवर्ड्स यांच्या 'गॉडझिला' (२०१४) पासून लेजेंडरी या संस्थेची परस्परसंबद्ध चित्रपटमालिका सुरू झाली. पुढे तिच्यात 'काँग: स्कल आयलंड' (२०१७), 'गॉडझिला: किंग ऑफ द मॉन्स्टर्स' (२०१९), 'गॉडझिला विरुद्ध काँग' (२०२१) आणि 'गॉडझिला एक्स काँग: द न्यू एम्पायर' (२०२४) हे चित्रपट आले. एडवर्ड्स यांनी राक्षस बराच वेळ दडवून ठेवला आणि माणसाच्या उंचीवरून, खिडकीतून, धुरातून तो दाखवला. गॉडझिला फार थोडा वेळ दिसतो, अशी तक्रार तेव्हा अनेकांनी केली. अ‍ॅडम विंगार्ड यांच्या शेवटच्या दोन चित्रपटांत नेमके उलट घडले. त्यांत राक्षस भरपूर दिसतात, धावतात, उड्या घेतात. काही प्रसंगांत तर माणसांचे संवाद थांबून राक्षसच कथा पुढे नेतात.

या मालिकेविषयी एक गंभीर आक्षेप अर्थाच्या पातळीवरचा आहे. २०१४ च्या चित्रपटात १९५० च्या दशकातील अणुचाचण्या प्रत्यक्षात गॉडझिलाला मारण्यासाठी केलेले स्फोट होते, असे दाखवले आहे. ज्या चाचण्यांच्या निषेधातून हे पात्र जन्मले, त्यांनाच अशा प्रकारे एक समर्थन मिळते. केन वातानाबे यांनी साकारलेल्या शास्त्रज्ञाचे नाव इशिरो सेरिझावा आहे. ते होंडा आणि १९५४ चा शास्त्रज्ञ या दोघांच्या नावांतून घेतलेले आहे. हिरोशिमात थांबलेले घड्याळही तो जवळ बाळगतो. परंतु २०१९ च्या चित्रपटात हाच सेरिझावा मरणासन्न गॉडझिलाला जीवदान देण्यासाठी अण्वस्त्राचा स्फोट घडवून प्राणार्पण करतो. पहिला सेरिझावा महासंहारक शस्त्र जगातून नाहीसे करण्यासाठी मेला. दुसरा तसेच शस्त्र वापरण्यासाठी मेला. दोन्ही धारांतील अंतर या एका तुलनेत स्पष्ट होते.

जपानी धारा

'शिन गॉडझिला' (२०१६) हा हिदेआकी आन्नो आणि शिन्जी हिगुची यांचा चित्रपट ११ मार्च २०११ च्या भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा अणुदुर्घटनेच्या पार्श्वभूमीवर तयार झाला. आरंभी राक्षस नदीतून सरपटत येतो आणि त्याच्यापुढे नौका व मोटारी ढकलल्या जातात. हे दृश्य त्सुनामीच्या चित्रफितींची थेट आठवण करून देते. चित्रपटाचा बराच भाग मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या बैठकांत घडतो. कोणत्या कायद्याखाली आदेश द्यावा, कोणत्या खात्याने तो द्यावा, यावर चर्चा चालू असताना राक्षस मात्र पुढे सरकत राहतो. अखेरीस त्याला मारले जात नाही. त्याच्या तोंडात रक्त गोठवणारे रसायन पंपांच्या वाहनांतून ओतून त्याला गोठवले जाते. फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांवर पाणी ओतण्यासाठी उंच नळीची पंपवाहनेच वापरली गेली होती. गोठलेला राक्षस शहराच्या मध्यभागी उभाच राहतो. त्याच्यासह जगावे लागेल, हा चित्रपटाचा निष्कर्ष आहे. जपान अकादमी पुरस्कारांत या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सन्मान मिळाला.

ताकाशी यामाझाकी यांचा 'गॉडझिला मायनस वन' (२०२३) युद्धोत्तर जपानमध्ये घडतो. आत्मघातकी हल्ल्यासाठी नेमलेला वैमानिक शिकिशिमा विमानात बिघाड झाल्याचे सांगून एका बेटावर उतरतो आणि जिवंत राहतो. बेटावर राक्षस येतो, तेव्हाही तो गोळी झाडू शकत नाही आणि त्याचे सहकारी मारले जातात. टोकियोला परतल्यावर त्याला राखेचे शहर आणि जिवंत राहिल्याबद्दल बोल लावणारी शेजारीण भेटते. युद्धाने देश शून्यावर आला होता. राक्षस त्याला उणे एकावर नेतो, असा शीर्षकाचा अर्थ आहे. सरकार हात वर करते, तेव्हा माजी नौसैनिक स्वेच्छेने एकत्र येतात. ज्या राजवटीने माणसांच्या जिवाला किंमत दिली नाही, तिच्या उलट, या मोहिमेत कोणीही मरू नये असा निश्चय ते करतात. मरण्यासाठी शिकवल्या गेलेल्या माणसाने जगण्याचा निर्णय घेणे, हा या चित्रपटाचा गाभा आहे.

१० मार्च २०२४ रोजी या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट दृश्यपरिणामांचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. गॉडझिलाच्या सात दशकांच्या इतिहासातील हा पहिला ऑस्कर होता. यामाझाकी यांनी दिग्दर्शनाबरोबरच दृश्यपरिणामांचेही नेतृत्व केले. ३५ कलावंतांच्या गटाने ६१० दृश्यखंड तयार केले. हॉलिवूडच्या मानाने हे मनुष्यबळ फारच थोडे होते.

आकार, वेग आणि वजन

काइजूचा आकार त्याच्या भोवतालच्या शहरावरून ठरत आला आहे. १९५४ चा गोजिरा ५० मीटर उंच होता. त्या काळी जपानमध्ये इमारतींच्या उंचीवर ३१ मीटरची कायदेशीर मर्यादा होती; त्यामुळे तो टोकियोच्या छपरांवरून सहज पाहू शकत असे. शहर वाढले तसा राक्षसही वाढला. १९८४ साली तो ८० मीटर, १९९१ साली १०० मीटर आणि 'शिन गॉडझिला'त ११८.५ मीटर उंच झाला. २०१७ साली सुरू झालेल्या सचेतनपटांच्या त्रयीत त्याने ३०० मीटर गाठले. 'मायनस वन'मध्ये काळ १९४७ चा असल्याने उंची पुन्हा ५०.१ मीटरवर आणण्यात आली आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, तो अधिक भीतिदायक वाटला.

प्रत्यक्षात असा प्राणी जगू शकणार नाही. दोन मीटरच्या प्राण्याची उंची २५ पट वाढवली, तर त्याच्या हाडांचे छेदक्षेत्र ६२५ पट वाढते. वजन मात्र १५,६२५ पट वाढते. म्हणजे हाडांवरील ताण २५ पट होतो आणि ती मोडतात. हे अशक्य वजन प्रेक्षकाला खरे वाटावे, हेच या चित्रपटांच्या तंत्रज्ञांपुढील मुख्य आव्हान आहे.

त्सुबुराया यांनी रबरी पोशाखातील अभिनेता आणि १/२५ प्रमाणातील शहराची प्रतिकृती यांचा उपयोग केला. हारुओ नाकाजिमा यांनी १९७२ पर्यंत १२ चित्रपटांत गॉडझिलाची भूमिका केली. ५० मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर येण्यास सुमारे ३.२ सेकंद लागतात; दोन मीटरच्या प्रतिकृतीवरून मात्र सुमारे ०.६४ सेकंदच लागतात. हे गुणोत्तर पाच आहे. म्हणून कॅमेरा नेहमीपेक्षा अधिक वेगाने चालवून चित्रण केले आणि ते नेहमीच्या वेगाने दाखवले, तर हालचाल संथ आणि जड भासते. पाण्याचे थेंब आणि ज्वाला मात्र प्रमाणात लहान करता येत नाहीत. जुन्या चित्रपटांत समुद्राची आणि आगीची दृश्ये प्रतिकृतीचे गुपित उघड करतात, ती यामुळेच.

संगणकाने ही मर्यादा दूर केली, पण नवी अडचण निर्माण केली. प्रत्यक्ष कॅमेरा जेथे जाऊ शकत नाही, तेथे संगणकातील कॅमेरा सहज जातो. तो राक्षसाभोवती घिरट्या घालू लागला की प्रेक्षकही राक्षसाच्या उंचीवर पोहोचतो आणि तुलनेसाठी माणूस उरत नाही. शंभर मीटरचे शरीर कुस्तीगिराच्या चपळाईने वळले, तर ते मनाला दहा फुटांचेच वाटते. 'मायनस वन'मधील यशस्वी दृश्यांत कॅमेरा बहुधा नावेत, रस्त्यावर किंवा आगगाडीच्या डब्यात, म्हणजे माणसांसोबत असतो. तंत्र नवे असले, तरी दृष्टिकोन १९५४ चाच आहे.

चाहते आणि समीक्षा

काइजू चित्रपटांना पिढ्यानुपिढ्यांचे चाहते आहेत. अमेरिकेत शिकागोच्या परिसरात 'जी-फेस्ट' हा वार्षिक मेळावा भरतो आणि 'जी-फॅन' हे नियतकालिक चाहत्यांच्या लेखनाला वाहिलेले आहे. अनेकांनी हे चित्रपट लहानपणी दूरचित्रवाणीवर, काटछाट केलेल्या आणि इंग्रजी संवाद चढवलेल्या स्वरूपात प्रथम पाहिले. पुढे मूळ जपानी आवृत्त्या उपलब्ध झाल्यावर, आपण खेळ म्हणून पाहिलेल्या गोष्टीच्या मुळाशी शोक होता, हे त्यांना उमगले.

आधुनिक चित्रपटांविषयी दीर्घकाळच्या चाहत्यांचे काही आक्षेप वारंवार मांडले जातात. लढाया रात्री, पावसात किंवा धुरात घडवल्याने स्पष्ट दिसत नाहीत. मानवी पात्रे केवळ माहिती सांगण्यापुरती उरतात. शहरे उद्ध्वस्त होतात, पण मृतांचा उल्लेखही होत नाही, हे त्यांतील प्रमुख होत. याउलट, या प्रकाराकडून सदैव गांभीर्याची अपेक्षा करणे हेही इतिहासाला धरून नाही, असे दुसरा पक्ष सांगतो. 'किंग काँग विरुद्ध गॉडझिला' (१९६२) हा होंडा यांनीच दिग्दर्शित केलेला विनोदी चित्रपट होता. ज्या मुलांनी हे चित्रपट जिवंत ठेवले, ती राक्षसांची कुस्ती पाहायलाच चित्रपटगृहांत जात होती. त्यामुळे शोकगंभीर राक्षस खरा आणि खेळकर राक्षस खोटा, अशी विभागणी टिकत नाही. टिकते ती वजनाची कसोटी. खेळकर चित्रपटातही राक्षस जड, संथ आणि अनाकलनीय असू शकतो. गंभीर चित्रपटातही तो निव्वळ देखावा ठरू शकतो.

भारतातील संदर्भ

भारतात या प्रकाराची निर्मिती अत्यल्प झाली. 'गोगोला' (१९६६) या हिंदी चित्रपटात समुद्रातून आलेला राक्षस मुंबईवर हल्ला करतो. जपानी गोजिराचा प्रभाव त्याच्या नावातही दिसतो. अलीकडे अमेरिकी मालिकेतील चित्रपट भारतात इंग्रजीबरोबर हिंदी, तमीळ आणि तेलुगू भाषांत प्रदर्शित होतात. त्यामुळे भारतीय प्रेक्षकाला गॉडझिलाचा परिचय बहुधा योद्धा म्हणून होतो. १९५४ चा शोकात्म गोजिरा त्याच्या वाट्याला उशिरा येतो.

महत्त्व

काइजू चित्रपटांनी सात दशकांत अणुबाँब, औद्योगिक प्रदूषण, दहशतवादी हल्ला, त्सुनामी आणि अणुभट्टीची दुर्घटना अशा आपत्तींना दृश्य रूप दिले. या आपत्तींना एकच खलनायक नसतो आणि त्यांचा आकार माणसाच्या कल्पनेत मावत नाही. न मावणाऱ्या गोष्टीला पाय, शेपटी आणि आवाज देऊन ती पाहण्याजोगी करणे, हे या प्रकाराचे कार्य आहे. राक्षस किती उंच आहे यावर त्याची परिणामकारकता ठरत नाही. त्याच्या पावलाशी उभ्या असलेल्या माणसाकडे कॅमेरा पाहतो की नाही, यावर ती ठरते. १९५४ साली तो रुग्णालयातील मुलाकडे पाहत होता. ज्या आधुनिक चित्रपटांना जुन्या चाहत्यांनी आपले मानले, त्यांपैकी बहुतेकांत तो पुन्हा त्याच उंचीवर आलेला दिसतो.